नोथोब्रँकियसची पिल्ले पोहत का नाहीत? दोष भिजवण्याच्या पाण्यात कमी, पिशवीत जास्त

संध्याकाळी अंडी भिजवावीत, सकाळी टबात हालचाल दिसावी, घरातल्यांना बोलावून दाखवावे, आणि तासाभरात ध्यानात यावे की यांतील बहुतेक पिल्ले पोहतच नाहीत. ती तळाला पोट टेकवून शेपटी जोरजोराने हलवतात, दोन-तीन सेंटीमीटर सरकतात आणि पुन्हा तळाशी बसतात. आफ्रिकेतील नोथोब्रँकियस वंशाचे वार्षिक किलीफिश, म्हणजे हंगामी डबक्यांत एका हंगामापुरतेच जगणारे छोटे मासे, पाळणाऱ्या प्रत्येकाने हा प्रकार एकदा तरी पाहिलेला असतो. छंदिष्टांच्या बोलण्यात अशा पिल्लांसाठी ‘बेली स्लायडर’ हा शब्द रुळला आहे. मी त्यांना घसरी पिल्ले म्हणेन.

माझ्याकडे पुण्यात नोथोब्रँकियस ग्युंथेरी आहेत आणि हा प्रकार लागोपाठ तीन वेळा घडला. पहिल्या वेळी मी पाण्याला दोष दिला, दुसऱ्या वेळी टबाच्या खोलीला, आणि तिसऱ्या वेळी ज्याच्याकडून अंडी मागवली होती त्याला. पाणी आणि खोली यांचा थोडा वाटा होता, हे खरे. पण मूळ चूक भिजवण्याच्या दिवशी नव्हे, तर त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत, कपाटात ठेवलेल्या ओलसर पीटच्या पिशवीत झालेली होती. (पीट म्हणजे दलदलीतील कुजक्या शेवाळाचा भुसा; टाकीत मासे त्यात अंडी घालतात आणि मग अंड्यांसकट तो पिशवीत भरून ठेवतात.) म्हणून ज्यांची पिल्ले वारंवार घसरत आहेत, त्यांनी पाण्यात मीठ किंवा औषध टाकण्याआधी पुढील मजकूर शांतपणे वाचावा. औषधाने हा दोष बरा होत नाही, कारण हा रोगच नाही.

घसरण्याचे शरीरशास्त्र

माशाच्या पोटात वाताशय नावाची हवेची पिशवी असते आणि तिच्यामुळे तो कष्ट न करता पाण्यात तरंगून राहतो. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाचा वाताशय रिकामा असतो. निरोगी पिल्लू थोड्याच वेळात पृष्ठभागाकडे झेपावते आणि वाताशय भरून घेते. ही झेप नीट पाहायची असेल तर टबाखाली काळा कागद ठेवून बाजूने विजेरी धरावी, म्हणजे पापणीच्या केसाएवढा तो जीव तिरका वर जाताना, पाण्याच्या कडेला टेकताना आणि मग एकदम आडवा, स्थिर होताना दिसतो. ज्या पिल्लात एवढी ताकद नसते, ज्याचा देह अजून अर्धवट घडलेला असतो किंवा ज्याच्या वाटेत पाण्यावरचा तेलकट तवंग येतो, त्याचा वाताशय भरायचा राहून जातो. काही तास निघून गेले की पुढे तो भरण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. असे पिल्लू जिवंत राहते, समोर आलेले खाते, कधी कधी वाढतेही. पण प्रत्येक घासासाठी त्याला सगळे बळ लावून उडी घ्यावी लागते आणि भावंडांच्या स्पर्धेत ते मागे पडते.

येथे मुख्य प्रश्न असा की पिल्लू अशक्त किंवा अर्धवट घडलेले का निघाले. त्याचे उत्तर या माशाच्या मूळ अधिवासात आहे, म्हणून थोडे तिकडे जाणे भाग आहे.

अंडी मातीत का राहतात

नोथोब्रँकियस हा वंश विल्हेल्म पीटर्स यांनी १८६८ मध्ये स्थापला. त्यातील जाती प्रामुख्याने पूर्व आफ्रिकेत, सुदानपासून दक्षिणेकडे दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताळपर्यंत, सवाना प्रदेशातील आणि किनारपट्टीच्या सखल भागातील हंगामी डबक्यांत राहतात. ग्युंथेरी ही जाती गेओर्ग फेफर यांनी १८९३ मध्ये झांझिबारमधील नमुन्यांवरून वर्णिली आणि तिला ब्रिटिश संग्रहालयातील मत्स्यतज्ज्ञ आल्बर्ट ग्युंथर यांचे नाव मिळाले. नर जेमतेम पाच सेंटीमीटरचा, निळसर-हिरव्या अंगाचा, खवल्यांना तांबडी किनार आणि लालभडक शेपटीला काळी कड असलेला. मादी मात्र मातकट, राखी, कोणाच्या नजरेत भरू नये अशी.

ही डबकी पावसाने भरतात आणि काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत आटतात. डबके आटले की मोठे मासे मरतात, एकही उरत नाही. पुढची पिढी तळाच्या चिखलात अंड्यांच्या रूपाने थांबलेली असते. नर मादीवर आपला पृष्ठपर ठेवून तिला तळाशी दाबतो आणि मादी एका वेळी एकच अंडे चिखलात सोडते. असे दिवसातून अनेकदा होते. अंड्याचे कवच जाड असते आणि त्यावर बारीक तंतू असतात, त्यामुळे मातीचे कण त्याला चिकटून राहतात.

कोणतीही माती या कामाला चालत नाही. नोथोब्रँकियसच्या डबक्यांचा तळ बहुधा स्मेक्टाइट गटातील चिकणमातीचा असतो, म्हणजे ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी काळी माती. आपल्या दख्खनच्या पठारावरील रेगूर ही त्याच कुळातली. मराठवाड्यात किंवा विदर्भात ज्याने उन्हाळ्यातली काळी रानं पाहिली आहेत, वरून हात जाईल एवढ्या भेगा आणि कोपरभर खाली अजून टिकून असलेली गार ओल, त्याला ग्युंथेरीच्या अंड्याचे घर कसे असते हे वेगळे सांगायला नको. आपल्या काळ्या मातीत असा मासा नाही, हा भाग निराळा. कोकणातील ओढ्यांत आणि भातखाचरांत दिसणारा पॅनचॅक्स हा किलीफिशच आहे, पण त्याची अंडी पाणवनस्पतींना चिकटलेली असतात आणि पाण्यातच फुटतात. महिनोन्‌महिने पाण्याबाहेर थांबण्याची सोय त्यांच्यात नाही.

झांझिबारच्या उंगुजा बेटावर पावसाचे दोन हंगाम असतात. मार्च ते मे या काळातील मोठ्या पावसाला तिथे स्वाहिलीत मसिका म्हणतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधील हलक्या पावसाला वुली. दोन हंगामांमध्ये जे कोरडे महिने येतात तेवढे अंड्याला तग धरावा लागतो. म्हणून ग्युंथेरीची अंडी २४-२५ अंश सेल्सिअसला साधारण तीन महिन्यांत तयार होतात, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. याउलट आग्नेय झिंबाब्वेतील गोनारेझू आणि त्यालगतच्या मोझांबिकमधील नोथोब्रँकियस फुर्झेरी या जातीला वर्षातून एकच, तोही बेभरवशाचा पाऊस मिळतो. म्हणून तिच्या अंड्यांचा मुक्काम लांबतो आणि एकाच पिशवीतील अंड्यांत फार तफावत दिसते. प्रयोगशाळांत म्हातारपणाच्या अभ्यासासाठी वापरला जाणारा हाच तो अल्पायुषी मासा. २०१५ मध्ये त्याची जनुकसंहिता प्रसिद्ध झाली आणि नैसर्गिक डबक्यांत तो अंड्यातून निघाल्यापासून अवघ्या १४ दिवसांत प्रजननक्षम होऊ शकतो, हे २०१८ मध्ये दाखवले गेले. दोन्ही जातींची अंडी एकाच वेळापत्रकावर ठेवणाऱ्याला एका बाजूला तरी घसरी पिल्ले मिळणारच.

तीन थांबे

वार्षिक माशांचे भ्रूण वाढता वाढता थांबतात. अशा तीन थांब्यांचे वर्णन जॉन वोर्म्स यांनी १९७२ मध्ये केले आणि आजही तीच वर्गवारी वापरली जाते. पहिला विराम अगदी सुरुवातीला येतो. त्या वेळी भ्रूणाच्या पेशी एकत्र नसून बलकावर सुट्या विखुरलेल्या असतात. दुसरा विराम मध्यावर येतो, जेव्हा भ्रूणाला डोके-शेपटी आलेली असते पण तो अजून बलकावर ठेवलेल्या बारीक धाग्यासारखा असतो. तिसरा विराम शेवटी, पिल्लू पूर्ण घडून कवचात गुंडाळून बसलेले असते तेव्हाचा. आता फक्त पावसाची वाट पाहणे उरलेले असते.

आपल्या तक्रारीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हे तिन्ही विराम सारख्या किमतीचे नाहीत. दुसऱ्या विरामात भ्रूणाचा खर्च अत्यल्प असतो आणि तो कित्येक महिने तसाच राहू शकतो. फुर्झेरीवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की या विरामात काढलेला काळ पुढच्या आयुष्यातून वजा होत नाही. तिसऱ्या विरामातले पिल्लू मात्र पूर्ण वाढलेले असते. त्याचे हृदय चालू असते, डोळे तयार असतात, आणि सोबत आणलेली बलकाची शिदोरी ते हळूहळू संपवत असते. पाऊस फार लांबला तर शिदोरी संपते. मग पाणी आले तरी कवच फोडून बाहेर पडण्यातच त्याचे बळ जाते आणि पृष्ठभागापर्यंतची झेप त्याला घेता येत नाही.

म्हणजे घसरी पिल्ले दोन उलट कारणांनी निघतात. अंडी फार लवकर भिजवली तर अर्धवट घडलेली पिल्ले बाहेर पडतात, आणि फार उशिरा भिजवली तर थकलेली. दोन्ही टबांत दिसणारे दृश्य एकच. म्हणूनच एक जण ‘आणखी महिनाभर थांबा’ असे सांगतो, दुसरा ‘तुम्ही फार थांबलात’ असे सांगतो, आणि दोघेही आपापल्या टबापुरते बरोबर असतात.

आपली चूक कोणती, हे पिल्लावरूनच कळते

एक घसरे पिल्लू ड्रॉपरने उचलून काचेच्या पट्टीवर, थेंबभर पाण्यात घ्यावे आणि भिंगातून पाहावे. घड्याळजी डोळ्याला लावतात ते दहापट मोठे दाखवणारे भिंग यासाठी उत्तम. मोबाइलवर बसवायची स्वस्त मॅक्रो भिंगेही चालतात. पोटाखाली पिवळसर, फुगीर बलकाची पिशवी स्पष्ट दिसत असेल तर पिल्लू मुदतीआधी निघाले आहे. पोट सपाट किंवा आत ओढलेले, डोके देहाच्या मानाने मोठे आणि पाठ किंचित वाकलेली दिसत असेल तर उशीर झाला आहे. माझ्या पहिल्या दोन खेपांत बलक दिसत होता आणि मी तो पाहिलाच नव्हता. उलट, पहिल्या खेपेतून ‘पुढच्या वेळी पाणी उथळ ठेवू’ असा धडा घेऊन दुसऱ्या वेळीही पिशवी त्याच तारखेला उघडली. तिसऱ्या वेळी वैतागून दीड महिना जास्त थांबलो आणि थेट दुसऱ्या टोकाला पोहोचलो.

पिल्लांत काही नीट पोहणारी, काही बलकासह आणि काही सुकलेली असे तिन्ही प्रकार एकत्र दिसले तर गोंधळून जाऊ नये. पाऊस कधी येईल याची खात्री नसलेल्या ठिकाणी एकाच मादीची सगळी अंडी एकाच दिवशी तयार झाली आणि तो पाऊस फसवा निघाला तर वंशच संपेल. त्यामुळे अंड्यांचे पुढे-मागे होणे या माशांच्या स्वभावातच आहे. आपल्याला त्यातल्या त्यात बहुसंख्य अंडी तयार असतील तो दिवस गाठायचा असतो.

पिशवीवरची तारीख आणि पुण्याचे कपाट

तो दिवस तारखेवरून का गाठता येत नाही, याचे कारण तापमान. अंडी उबदार जागी वेगाने वाढतात आणि दुसरा विराम टाळूनही पुढे जातात. गार जागी, विशेषतः पूर्ण अंधारात, ती दुसऱ्या विरामात शिरतात आणि तिथेच रेंगाळतात. नोथोब्रँकियसच्या जातींत उजेड-अंधाराचा आणि तापमानाचा हा परिणाम प्रयोगांनी दाखवलेला आहे. युरोपातील बंद, एकसारख्या उबेच्या खोलीत ‘१२ आठवडे’ या शब्दांना अर्थ असतो. पुण्यात जानेवारीत माझ्या कपाटाच्या खालच्या खणात पहाटे १८ अंश असतात आणि एप्रिलअखेरीस वरच्या खणात दुपारी ३३. डिसेंबरात ठेवलेली पिशवी मार्चच्या सुरुवातीला, बरोबर १२ आठवड्यांनी मी उघडली, तेव्हा आतली बरीच अंडी अजून धाग्याच्या अवस्थेतच होती. तीच पिशवी मार्चमध्ये ठेवली असती तर कदाचित मेअखेरीला उशीर झाला असता. मुंबई आणि कोकणात तापमान कमी हलते, म्हणून तिथल्या मित्रांना हा त्रास कमी होतो, असा माझा अंदाज आहे.

टपालाने आलेल्या अंड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट धरावी लागते. पाठवणाऱ्याने लिहिलेली तारीख त्याच्या खोलीतल्या तापमानाची असते. वाटेत पार्सल उन्हात उभ्या असलेल्या गाडीत किती तास होते, हे त्या तारखेत येत नाही. पाठवणाऱ्याला मी जो दोष दिला होता तो अन्यायाचा होता, हे नमूद करून ठेवतो.

उपाय साधा आहे. झाकणाच्या थर्मोकोलच्या पेटीत पिशव्या ठेवाव्यात, सोबत दिवसातील कमाल आणि किमान दोन्ही तापमान दाखवणारा तापमापक ठेवावा, आणि पेटी घराच्या सर्वांत आतल्या, पूर्व-पश्चिमेच्या उन्हाचा संबंध नसलेल्या भिंतीला लावावी. थंडीत पेटीत गरम पाण्याची बंद बाटली ठेवणे मी करून पाहिले. दोन दिवसांत कंटाळा येतो. मत्स्यालयाच्या टाकीवरील झाकणावर पेटी ठेवली तर हीटरच्या उबेने काम भागते. लक्ष्य २४ ते २५ अंशांचे. पिशवीवर जाती, मूळ ठिकाणाचा संकेत आणि ठेवल्याची तारीख तर लिहावीच, पण त्याखाली दर आठवड्याचे कमाल-किमान तापमानही लिहीत जावे.

ओल किती असावी

पीट कोरडे पडले तर अंडी चेपतात, चिंब राहिले तर प्राणवायू न मिळून पहिल्या विरामात अडकतात किंवा बुरशीने जातात. प्रजननाच्या भांड्यातील पीट जाळीत गाळून, मुठीत घट्ट पिळून, वर्तमानपत्रावर पसरून सावलीत ठेवावे. परीक्षा अशी की मूठ दाबली तर त्याचा लाडू वळला पाहिजे, पण बोटांच्या फटीत पाणी दिसता कामा नये, आणि तो लाडू अंगठ्याने ढकलताच भुगा व्हावा. पावसाळ्यात पुण्यातही याला दीड-दोन दिवस लागतात, उन्हाळ्यात दुपारचे तीन तास पुरतात आणि चौथ्या तासाला उशीर झालेला असतो.

आयात पीट महाग पडते म्हणून अनेक जण कोकोपीट वापरतात. ते चालते, परंतु परसबागेसाठी मिळणाऱ्या विटांपैकी खत मिसळलेली वीट घेऊ नये, आणि साधी वीटही भिजवून, उकळून, पाणी रंगहीन होईपर्यंत चार-पाच वेळा पिळून घ्यावी. नारळाच्या काथ्यात मीठ राहिलेले असते.

पिशवीत पीटच्या बरोबरीने हवा ठेवावी. अंडी जिवंत आहेत, ती श्वास घेतात.

आणखी एक कारण फारसे बोलले जात नाही. ग्युंथेरीवरच झालेल्या, १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की मोठे मासे ज्या पाण्यात आहेत त्या पाण्यात अंड्यांची वाढ सुरुवातीच्या टप्प्यावरच रोखली जाते, आणि मासे दूर केले की ती पुढे सरकते. आईबाप अजून डबक्यात आहेत याचा अर्थ पाणी अजून आहे. अशा वेळी वाढण्याची घाई करण्यात अंड्याचा काही फायदा नाही. त्यामुळे पीट महिनाभर टाकीत ठेवून मग काढले तर त्यातील पहिल्या आणि शेवटच्या दिवशीची अंडी जवळपास एकाच रेषेवर उभी असू शकतात, आणि आपण मात्र पहिल्या दिवसापासून मोजत असतो. पीट दर आठवड्याला काढावे; मोजणी पीट काढल्याच्या दिवसापासून धरावी.

अंडे वाचायला शिकणे

आता ज्या एका सवयीने माझा प्रश्न सुटला ती सांगतो. सहा आठवडे झाले की दर दहा-बारा दिवसांनी पिशवी उघडावी, चमचाभर पीट पांढऱ्या बशीत पसरावे आणि त्यातील वीस-पंचवीस अंडी शोधून पाहावीत. अंडे राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, साधारण एक मिलिमीटरचे असते. पहिल्यांदा शोधताना पंधरा मिनिटे एकही सापडत नाही, आणि एकदा नजर बसली की सगळीकडे तीच दिसतात. ओल्या, मऊ कुंचल्याच्या टोकाने ती उचलता येतात. निरोगी अंडे बोटांत कडक लागते, हलक्या दाबाने फुटत नाही. पांढरे, दुधी पडलेले अंडे मेलेले असते. ते काढून टाकावे.

भिंगाखाली स्वच्छ, मधाच्या रंगाचे आणि आत फक्त तेलाचे थेंब दिसणारे अंडे अजून पहिल्या टप्प्यावर आहे. बलकावर फिकट धागा किंवा स्वल्पविराम आडवा पडलेला दिसला तर तो दुसरा विराम. उजेडात नीट पाहिले तर त्यात हृदयाची संथ उघडझाप कधी कधी पकडता येते. पुढे दोन काळे ठिपके दिसू लागतात, ते डोळे. बहुतेक जण इथेच फसतात, मीही फसलो होतो. डोळे दिसले म्हणजे पिल्लू तयार झाले, असे नाही. देह वाढत वाढत संपूर्ण कवच भरतो, शेपटी डोक्यावरून वळून येते, अंडे बाहेरून गडद दिसू लागते, आणि सर्वांत शेवटी डोळ्याच्या काळ्या बाहुलीभोवती सोनेरी कडे उमटते. दिव्याखाली बशी किंचित तिरकी केली की ते कडे चमकते, पितळेच्या छोट्या वाळ्यासारखे. ते दिसेपर्यंत पाणी घालू नये.

वीस अंड्यांतील पंधरा-सोळा सोनेरी डोळ्यांची झाली की आठवड्याभरात भिजवावे, त्यापुढे थांबू नये. उलट, तीन-साडेतीन महिन्यांनंतरही बहुतेक अंडी धाग्याच्या अवस्थेतच असतील, तर पिशवी २८ अंशांच्या जवळ, दिवसा उजेड मिळेल पण थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवावी. उजेड आणि ऊब मिळाली की दुसरा विराम सुटतो आणि पुढची वाढ साधारण दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते. या काळात दर तीन-चार दिवसांनी अंडी पाहावीत, कारण आता उशीर होण्याचा धोका सुरू झालेला असतो.

भिजवण्याचा दिवस

पाणी क्लोरीनमुक्त, मऊ आणि १६ ते १८ अंशांचे असावे. पहिला पाऊस गार असतो; तापलेल्या दिवशी पडलेल्या पावसाने मातीचे तापमान एकदम उतरते, आणि गार पाण्यात विरघळलेला प्राणवायूही जास्त असतो. फ्रिजमध्ये बाटली ठेवून हे पाणी तयार करावे, बर्फ थेट टबात टाकू नये. पीट पसरट, उथळ भांड्यात ठेवून त्यावर पाणी ओतावे. पीट खाली बसल्यावर वर दीड-दोन सेंटीमीटरच पाणी असावे. नवजात पिल्लाला जी झेप घ्यायची असते तिची लांबी आपण या खोलीने ठरवत असतो. दहा सेंटीमीटर पाणी ठेवले तर सुदृढ पिल्लेही दमतात.

पाण्यावर तवंग येऊ देऊ नये. हाताला लागलेले तेल, स्वयंपाकघरातील फोडणीचा धूर, भांडे घासलेल्या साबणाचा अंश, यांपैकी काहीही पुरते. माझ्याकडे टब स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर होता, आणि त्यावरचे इंद्रधनुषी पापुद्रे मी पीटचे समजत होतो. टिशू पेपर पृष्ठभागावर आडवा टेकवून उचलला की तवंग निघतो. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी हे करावे. हवेची नळी लावायची असेल तर बुडबुडे मोजता येतील एवढीच मंद ठेवावी.

तयार अंडी कधी अर्ध्या तासात, कधी रात्रभरात फुटतात. बाहेर आलेली पिल्ले चमच्याने किंवा ड्रॉपरने दुसऱ्या उथळ भांड्यात हलवावीत आणि त्यांचे पाणी खोलीच्या तापमानाला आपोआप येऊ द्यावे. ती पहिल्याच दिवसापासून नुकताच निघालेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, खाऊ शकतात. पोट नारिंगी दिसले की खाल्ले असे समजावे. पाण्याची खोली तिसऱ्या दिवसानंतर थोडी थोडी वाढवावी.

एवढे करूनही जी पिल्ले घसरतात, त्यांना सेंटीमीटरभर पाण्यात वेगळे ठेवून दोन-तीन दिवस वाट पाहावी. थोडी उभी राहतात. बाकीची राहत नाहीत. आठवड्यानंतरही तळाशीच असलेली पिल्ले अर्धपोटी ठेवून महिनोन्‌महिने जगवण्यात मला माया दिसत नाही. लवंगेच्या तेलाच्या पुरेशा तीव्र द्रावणात त्यांचा शांतपणे शेवट करणे अधिक बरे. त्यांच्यापासून पुढची पैदास मी घेत नाही, जरी हा दोष बहुतांशी परिस्थितीचा असला तरी.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतापर्यंत नीट पोहणारी पिल्ले अचानक पर मिटून तळाशी बसू लागली, अंगावर विजेरीच्या तिरक्या उजेडात गंजासारखी बारीक भुकटी दिसली आणि श्वास जलद झाला, तर तो घसरण्याचा प्रकार नव्हे. तो वेल्व्हेट, म्हणजे एका परजीवीचा रोग, आणि नोथोब्रँकियस त्याला फार लवकर बळी पडतात. त्यावर थोडे मीठ आणि स्वच्छ पाणी उपयोगी पडते. आपल्या मूळ तक्रारीवर नाही. दोन्ही एकत्र समजल्यामुळे अनेक जण पहिल्या दिवसाच्या पिल्लांनाही मीठ देत बसतात.

उरलेले पीट फेकू नये. न फुटलेल्या अंड्यांत अजून धाग्याच्या अवस्थेतली बरीच असतात. पाणी दोन दिवसांत गाळून, पीट पुन्हा लाडवाच्या परीक्षेला उतरेल असे वाळवून, त्याच पिशवीत नव्या तारखेसह ठेवावे आणि तीन आठवड्यांनी पुन्हा भिंग घेऊन बसावे. मार्चमध्ये मी घाईने उघडलेली पिशवी अशीच परत ठेवली होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्यातल्या चोवीस अंड्यांपैकी एकोणीस अंड्यांत पितळी वाळे दिसले, म्हणून त्याच रात्री भिजवली. सकाळी टबात साठेक पिल्ले होती आणि तळाशी सरपटणारी मोजून चार.